सात बुचं

आमच्या भावजींना घरी येण्याची रीत माहीत नाही. माणूस कुणाकडे गेला की दारात चपला काढतो, कशा आहात विचारतो, पाणी मागतो. हे महाशय फाटकातून शिरले की तडक परसात जातात, तिथे उपड्या पडलेल्या नावेभोवती एक फेरी मारतात, बुटाच्या टोकाने तिला लाथ घालतात आणि मग मला म्हणतात, "वहिनी, हा लाकूडफाटा कधी हलवणार? सांगा, गाडी पाठवतो." एकतीस वर्षं हेच. वर्षातून दहा वेळा धरलं तरी तीनशे लाथा झाल्या. नावेला तोंड नाही म्हणून ती गप्प राहिली. मला आहे, आणि ते मागच्या गल्लीपर्यंत ऐकू जातं.

ती नाव आमच्या ह्यांनी बांधली. सोळा फुटांची, एका शिडाची. दिवसभर फर्निचरच्या दुकानात खुर्च्या-कपाटं करायची आणि संध्याकाळी परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये नाव, असं अडीच वर्षं चाललं. नकाशा म्हणाल तर भिंतीवर खडूने ओढलेल्या रेघा आणि बाकी सगळं त्यांच्या डोक्यात. शीड मी शिवलं, जुन्या तंबूच्या कापडाचं, पायाच्या मशीनवर. रोज दोन सुया मोडायच्या. आणि बुचं मी केली.

बुचं म्हणजे काय ते आधी सांगते. नावेची फळी आतल्या बरगडीला पितळी स्क्रूने आवळतात. स्क्रूचं डोकं फळीत जरा खोल बुडवायचं आणि वर राहिलेल्या भोकात त्याच लाकडाचं छोटं गोल बूच ठोकायचं. पितळेला पाणी लागत नाही, फळीही अखंड दिसते. फक्त बूच बसवताना त्याच्या लाकडाची रेषा फळीच्या रेषेला जुळली पाहिजे. ह्यांनी मला शिकवताना विचारलं होतं, "विंचरलेल्या डोक्यात एक केस आडवा राहिला तर तुला खपतं का?" मला खपत नाही. चारशे बारा बुचं मी वॉर्निशात बुडवून, रेषा जुळवून बसवली. एकही आडवं नव्हतं.

भावजी तेव्हा गोदीत हाताखालचे सुतार. संध्याकाळी मदतीला असायचे, पण बुचांना हात लावायची त्यांना बंदी होती. त्यांना एक खोड. बूच भोकात सहज शिरावं म्हणून ते आधी दाताखाली धरून चेपायचे. हे ओरडायचे, "अरे, तो खाऊ आहे का? चेपलेलं लाकूड पाण्यात वेडंवाकडं फुगतं!" भावजी दात काढून हसायचे. समोरचा एक दात अर्धा तुटलेला, लहानपणी जिन्यावरून पडले होते. पुढे गोदीत त्यांचं नावच पडलं, उंदीर मिस्त्री. तोंडावर मोठे मिस्त्री, पाठ वळली की उंदीर.

तर त्या वेळी गोदीला मुख्य सुतार हवा होता. मालक ह्यांना म्हणाले, "तुझी नाव पाण्यात घालून दाखव, जागा तुझी." दिवस ठरला. त्याच्या आदल्या आठवड्यात माझी आई घसरून पडली, म्हणून मी चार दिवस माहेरी गेले. हे दुकानात. भावजी म्हणाले, "वहिनी, निवांत जा. तळाला रंगाचा शेवटचा हात मी मारून ठेवतो." शेडची किल्ली मी माझ्या हाताने त्यांच्या हातात दिली.

ठरल्या दिवशी अर्धी गोदी धक्क्यावर जमली. मालक पांढरे बूट घालून उभे. शिडात वारा भरला, नाव जरा कलली, आणि धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर डावीकडची, पाण्याखालची एक फळी पुढच्या टोकाशी सुटली. बघता बघता नाव खाली बसली. हे पोहत पायऱ्यांपाशी आले. बुडाले असते तर लोक धावले असते. नुसते भिजले, म्हणून लोक हसले. सगळ्यांत आधी भावजी बोलले, मालकांना ऐकू जाईल असं. "दादाचा हात स्टुलाचा आहे हो. नाव त्याचं काम नाही."

महिन्याभरात मुख्य सुताराच्या जागेवर भावजी.

नाव वर ओढली तेव्हा ती फळी चार लांब खिळे ठोकून परत बसवली तीही त्यांनीच, वर रंगही फासला. "दादा, तू बघू नकोस, तुला त्रास होईल." केवढी माया! ह्यांनी नाव परसात उपडी घातली आणि मला सांगितलं, हिला कुणी हात लावायचा नाही. सगळ्या संसारात मी त्यांचं एवढं एकच ऐकलं, आणि नेमकं तेच ऐकायला नको होतं.

त्यानंतर ह्यांनी स्टुलंच केली. गिऱ्हाइकाला देण्याआधी प्रत्येक स्टुलावर तीनदा बसून बघायचे. जेवता जेवता घास हातात धरून विचारायचे, "पुढच्या बरगडीला मी स्क्रू मारले होते ना गं?"

"मारले होते. त्यांच्यावर बुचं मी बसवली. या डोळ्यांनी पाहिलेत."

"मग मी चुकलो कुठे?"

गेल्या वर्षी दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात मला नीट ओळखेनासे झाले होते, पण हा प्रश्न विसरले नाहीत. नर्सलाही विचारला. ती बिचारी म्हणाली, "आजोबा, तुम्ही कुठ्ठेच चुकला नाहीत." तिला वाटलं, म्हातारा आयुष्याबद्दल बोलतोय.

हे जाऊन महिना झाला नसेल, भावजी आले. परसात गेले, लाथ घातली, मग आत येऊन बसले. मी चहा दिला.

"वहिनी, आता तरी गाडी पाठवू?"

"नको. मी ती दुरुस्त करणार आहे."

त्यांचा कप बशीवर वाजला. "या वयात?"

"वय माझं झालंय. नावेचं नाही."

"अहो, आतून पोकळ झालीय ती."

"कोण कोण आतून पोकळ आहे ते उघडल्यावर कळेल," मी म्हटलं. तेव्हा मी ते उगाच बोलून गेले होते. मला काहीच माहीत नव्हतं. एवढंच वाटत होतं की हा माणूस जी गोष्ट एवढी हलवायला बघतो, ती हलता कामा नये.

मुलाला विचारलं तर तो म्हणाला, "आई, जुनं कशाला उकरतेस?" म्हणून सुनेला विचारलं. सून दुकानांच्या पाट्या रंगवते. हात स्थिर आणि जीभ माझ्यासारखी, त्यामुळे आमचं रोज वाजतं आणि रोज जमतं. ती म्हणाली, "आई, रंग मी काढते, चुका तुम्ही काढा."

"झेपतील का तुला माझ्या चुका?"

"दहा वर्षं झेपतायत."

रंग काढायलाच तीन आठवडे गेले. ती गरम हवेच्या यंत्राने रंग फुगवायची, मी मागून पत्तीने खरवडायची. रंगाखाली लाकूड निघालं ते मधाच्या रंगाचं, आणि त्यात माझी बुचं अशी बेमालूम बसलेली की सुनेला बोटाने चाचपून शोधावी लागत होती. "आई, हे तुम्ही केलंय?" तिने दोनदा विचारलं. सुनेच्या तोंडून कौतुक निघालं की मी ऐकू न आल्यासारखं करते, म्हणजे ती पुन्हा विचारते.

मग डावीकडची तिसरी फळी आली. तीच, सुटलेली. पुढच्या टोकापासून मी खरवडत होते आणि माझा हात थांबला. बूच आडवं. त्याच्या शेजारचंही आडवं. सात बुचं, सातही आडवी. विंचरलेल्या डोक्यात सात केस उभे राहावेत तशी.

"ही माझी नाहीत," मी म्हटलं.

"घाईत झालं असेल, आई."

"घाईत मी भाजी करपवते. बूच आडवं लावत नाही."

सुनेने पहिल्या बुचाच्या मधोमध बारीक स्क्रू पिळला. खालच्या स्क्रूच्या डोक्याला त्याचं टोक टेकलं की बूच आपोआप वर चढतं. अख्खं बूच काढायची ही ह्यांचीच रीत, मुलाने नाही पण सुनेने शिकून घेतलेली. बूच निघालं ते लालभडक. गोदीत लोखंडाला गंज लागू नये म्हणून लावतात, त्या रंगात बुडवलेलं. आमच्या शेडमध्ये तो रंग कधी नव्हता. आणि त्याच्या आतल्या टोकाच्या कडेला खाचा होत्या. एक पुरती, तिच्या शेजारी एक अर्धी, तिरपी. खाचांमध्ये लाल रंग वाळून घट्ट बसला होता, म्हणून इतकी वर्षं बुजल्या नव्हत्या. सातही बुचांवर त्याच खाचा.

बुचांखालचे स्क्रू सुनेने माझ्या तळहातावर ठेवले. ह्यांनी सगळ्या नावेला अडीच इंची स्क्रू मारले होते. हे पाऊण इंची. त्यांचं टोक बरगडीला नुसतं शिवत होतं.

मी पालथ्या बादलीवर बसले.

"आई, पाणी आणू?"

"पाणी नको. बटणांचा डबा आण."

सातही बुचं आणि सातही स्क्रू डब्यात ठेवले. रडू आलं नाही. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. भावजी तीनशे वेळा परसात गेले होते, आणि लाथ नेहमी डाव्या बाजूला. ती लाथ नव्हतीच. वरचा रंग अजून धरून आहे का, ते बघत होते.

सून म्हणाली, "काकांना आत्ताच्या आत्ता बोलावून विचारू या."

"घरात विचारलं की घरात कबूल होतील. रडतील, पाया पडतील, आणि तू त्यांना चहा देशील. लोक हसले कुठे होते?"

"धक्क्यावर."

"मग विचारायचंही धक्क्यावर."

त्याच आठवड्यात गोदीतून सुनेकडे काम आलं. भावजी निवृत्त होणार होते. फाटकावर त्यांच्या नावाची सागवानी पाटी लागणार होती, खाली 'एकतीस वर्षे मुख्य सुतार'. सुनेने ती कोरी फळी आणून स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकवून ठेवली. मी रोज तिच्याकडे बघत चहा प्यायचे. चहा गोड लागायचा.

नावेचं काम चालूच होतं. दोन बरगड्या कुजल्या होत्या त्या नव्या केल्या. ती तिसरी फळी काढली आणि तिच्या मापाने नवी कापली. वाफेवर शेकून वाकवताना सुनेचं मनगट भाजलं आणि तिने सासरच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, मी मध्ये बोलले नाही. फटींमधलं जुनं सूत आकड्याने उपसून नवं ठोकलं. जवसाच्या तेलाचे तीन हात दिले. लाकूड एकतीस वर्षं कोरडं पडलेलं, म्हणून आठ दिवस ओली पोती घालून ठेवली, फळ्या फुगून एकमेकींना भिडाव्यात म्हणून. नवं शीड शिवलं. सुनेने मागच्या बाजूला नावेचं नाव लिहिलं, 'हट्टी'. ह्यांनी ठेवलेलं, कुणावरून ते सांगायला नको. आणि सगळ्यांत वरच्या फळीला, धक्क्यावरून हात पोचेल अशा जागी, मी सात जुनी बुचं काढून भोकं मोकळी ठेवली.

भावजींचा फोन आलाच. "वहिनी, ऐकलं ते खरं का? ती डावीकडची फळी... कशी होती?"

"कुजली होती. काढली आणि शेगडीत घातली."

फळी खरंच शेगडीत गेली होती. मी खोटं बोलत नाही. डब्याबद्दल त्यांनी विचारलं नाही.

"बरं केलंत," ते म्हणाले, आणि आवाजात असं हायसं की फोनमधूनही कळावं. दुसऱ्या दिवसापासून गोदीत सांगत सुटले, दादाची नाव मी दुरुस्त करून घेतोय, भावाची आठवण आहे.

रविवारी सकाळी आम्ही दोघींनी आधी नाव पाण्यात घालून पाहिली. तासाभराने मी आत हात फिरवला. कोरडा ठाक. मग तिला धक्क्याला बांधली आणि लोकांची वाट बघत बसलो.

मी बोलावलेले सगळे दहाला आले. मालक आता ऐंशीचे, खुर्चीवर बसवावे लागले, पण बूट पांढरेच. जुना करवत्या आला, जो ह्यांना फळ्या कापून द्यायचा आणि त्या दिवशी हसला नव्हता. गोदीतले पंधरा-वीस सुतार. भावजी इस्त्रीचा शर्ट घालून मधोमध. नाव पाण्यावर डुलत होती आणि मालक म्हणाले, "बाई, देखणी आहे हो. मी तेव्हाही म्हटलं होतं."

"तेव्हा तुम्ही काही म्हटलं नव्हतं," मी म्हटलं. "भावजी म्हणाले होते. भावजी, या पुढे. घरात आता तुम्हीच मोठे. वरच्या फळीची शेवटची सात बुचं तुमच्या हातची."

ताटलीत सात नवी बुचं, शेजारी वॉर्निशची वाटी आणि लाकडी हातोडी. भावजी फुलले. धक्क्याच्या कडेला गुडघे टेकून बसले, पहिलं बूच उचललं आणि तोंडात धरलं.

कच्.

मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "उंदीर!" आणि सुतार हसले. भावजीही हसले. "सवय आहे रे. माझ्या दाताखालून गेल्याशिवाय बूच बसत नाही." एक ठोकलं, दुसरं ठोकलं, तिसरं ठोकलं. चौथं तोंडातून काढलं तेव्हा मी हात पुढे केला.

"ते द्या इकडे."

त्यांना वाटलं, मला बसवायचंय. दिलं. मी ते करवत्याच्या हातावर ठेवलं आणि बटणांचा डबा उघडला. त्यातलं एक लाल बूच त्याच्या शेजारी ठेवलं.

"तुमची नजर चांगली. बघा बरं."

करवत्याने चष्मा वर केला, दोन्ही बुचं डोळ्यांजवळ धरली, फिरवली. एक पुरती खाच, शेजारी एक अर्धी, तिरपी. इथेही, तिथेही. "अहो, हे तर याचेच दात," तो म्हणाला. "हे कुठलं, वहिनी?"

"डावीकडची तिसरी फळी. जी सुटली ती. अशी सात होती. आणि खाली हे." मी एक पाऊण इंची स्क्रू मालकांच्या हातात दिला आणि शेजारी ह्यांचा अडीच इंची. मालकांनी सुतारकाम कधी केलं नसेल, पण लांब काय आणि आखूड काय ते त्यांनाही कळलं.

हसणं कधीच थांबलं होतं. भावजी गुडघ्यांवरून उठलेच नव्हते.

"वहिनी, मी मदतीला होतोच की. माझ्या हातचं एखादं बूच असणारच."

"एखादं नाही, सात. आणि बुचांना हात लावायची तुम्हाला बंदी होती, याच दातांपायी. करवत्या साक्षीला आहे."

"आहे," करवत्या म्हणाला. "मोठा रोज ओरडायचा याच्यावर."

"मी चार दिवस माहेरी होते. शेडची किल्ली तुमच्याकडे. लाल रंग गोदीतला. अजून काही सांगू, की तुम्ही सांगता?"

भावजींनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांच्या हाताखाली शिकलेले सुतार होते सगळे. एकानेही नजर दिली नाही. मग ते खाली, पाण्याकडे बघत बोलले. "मला वाटलं, जरासं पाणी शिरेल. बस, जरासं. तळ ओला झाला की मालक नाक मुरडतील. फळी सुटेल असं... देवाशपथ, वहिनी, दादा बुडेल असं मनात नव्हतं."

"ते बुडाले नाहीत. एकतीस वर्षं वर येऊ शकले नाहीत, एवढंच."

मालकांनी काठी आपटली. सुनेला म्हणाले, "पोरी, ती फाटकावरची पाटी रद्द. रंगवू नकोस."

"रंगवणार," मी म्हटलं. "पाटी रद्द करून कसं चालेल? नाव लागलंच पाहिजे."

भावजींनी मान वर केली. डोळ्यांत पाणी होतं, आणि जरा आशाही. दोन्ही हात जोडून म्हणाले, "वहिनी, दादा असता तर त्याने मला माफ केलं असतं."

ते खरं होतं. ह्यांनी माफ केलं असतं, वर जेवायला थांबवून घेतलं असतं. मला माझा नवरा पुरता माहीत आहे. म्हणूनच मी डबा बंद केला, काखेत धरला आणि धक्क्यावरच्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"ते नाहीत, भावजी. मी आहे, आणि मी माफ करत नाही. पाटी लागेल, फाटकावरच लागेल, तुमचं नाव माझी सून चांगल्या मोठ्या अक्षरांत लिहील. नावाच्या खाली मी सात भोकं पाडीन आणि ही सात बुचं माझ्या हाताने बसवीन, दातांची बाजू वर ठेवून. येणारा-जाणारा विचारेल, हे काय आहे, तर तुम्ही रोज सकाळी फाटकाशी उभं राहून सांगायचं, दादा कुठे चुकला नव्हता. आणि घाबरू नका, तुमच्यासारखी आडवी नाही लावणार. रेषा जुळवून लावीन."